मुलांच्या नावात आईचे नाव : जन्मनोंदीपासून पासपोर्टपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलीचा जन्म सप्टेंबर 2024 चा, बाळंतपण माहेरी, सातारा जिल्ह्यात. जन्मदाखला मिळाला, पण त्यात मुलीच्या नावाचा रकाना कोरा आहे. आता नाव घालताना आईचे नाव मधे लावायचे आहे. त्यामुळे पुढे शाळा, आधार, पासपोर्ट, जातीचा दाखला यांत अडचण येईल का? आणि 2018 मध्ये जन्मलेल्या मोठ्या मुलाच्या नावातही आईचे नाव आता घालून घ्यावे का?

मुलीच्या बाबतीत निःशंकपणे घाला, फक्त ते जन्मनोंदीतच घाला, आधारवर किंवा शाळेत नंतर घुसवू नका. मुलाच्या बाबतीत घाई करू नका. ही दोन उत्तरे वेगळी का, हे आधी शासन निर्णय नेमका काय म्हणतो ते पाहिले की कळेल.

राज्य मंत्रिमंडळाने 11 मार्च 2024 रोजी निर्णय घेतला आणि महिला व बालविकास विभागाने 14 मार्चला शासन निर्णय काढला. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत ‘बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ या क्रमाने नोंदवायचे. जन्मदाखला, शाळाप्रवेशाचा अर्ज, शैक्षणिक कागदपत्रे, परीक्षांचे अर्ज, सातबारा व मालमत्तेची कागदपत्रे, रेशनकार्ड, सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांची सेवापुस्तके व वेतनचिठ्ठ्या, मृत्यूदाखला अशी त्यात यादी आहे. अनाथ व तत्सम बालकांना सूट आहे. विवाहित स्त्रियांची नावे आजवरच्या पद्धतीनेच, म्हणजे तिचे नाव, पतीचे नाव, आडनाव अशी लिहिली जातील, आणि मालमत्तेच्या दस्तात लग्नापूर्वीचे नाव लावण्याची मुभा तिला आहे. यातली सेवापुस्तक आणि वेतनचिठ्ठी ही कलमे तूर्त कागदावरच राहणार आहेत. 1 मे 2024 ला जन्मलेले बाळ सरकारी नोकरीच्या वयाचे व्हायला 2042 उजाडेल.

आईच्या नावाचा रकाना त्याआधीही होताच. महाराष्ट्राचे पहिले महिला धोरण 1994 चे, आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आईच्या नावाची स्वतंत्र ओळ कित्येक वर्षे छापली जाते आहे. पाटील, जाधव, शिंदे यांच्या गावात एकाच वर्गात ‘रोहित राजेश पाटील’ नावाची दोन मुले निघतात, तेव्हा कारकून त्याच ओळीकडे बघून गुणपत्रिका वाटतो. म्हणजे आईचे नाव ओळख पटवायला वापरात होते, पण नावाबाहेर होते. 2024 मध्ये ते नावाच्या आत आले. माझ्या मते या निर्णयाचे खरे वजन इतकेच आहे, आणि ते कमी नाही. मात्र त्यातून आईला कोणताही नवा हक्क मिळालेला नाही. त्याकडे पुढे येतो.

घोटाळा होतो तो एका सांध्यात. नावाचा क्रम राज्याच्या शासन निर्णयाने ठरवला आहे, तर जन्माची नोंद केंद्राच्या 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली होते. नोंदवहीत बालकाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव असे वेगवेगळे रकाने आहेत. काही निबंधक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद करणारे अधिकारी, म्हणतात, ‘आईचे नाव खालच्या रकान्यात आहेच की, पुन्हा वर कशाला?’ खालच्या रकान्यातले आईचे नाव ही पालकांची माहिती आहे. मुलीचे पूर्ण नाव म्हणून पुढे सगळीकडे उचलले जाणार ते वरच्या रकान्यातले. तिथे चार शब्दांचे पूर्ण नाव लिहून हवे असेल, तर अर्जातच ते चारही शब्द स्वतः लिहून द्या. नुसते ‘अन्वी’ लिहून सोडले, तर उरलेले कोणीतरी आपल्या समजुतीने भरतो.

1 ऑक्टोबर 2023 पासून या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि जन्मदाखल्याचे महत्त्व फार वाढले. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार या सगळ्यांना जन्माचा पुरावा म्हणून हाच एक कागद आहे. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर निभावून जाई, आणि जन्मदाखला कपाटात पडून असे. आता जन्मदाखल्यातली एक वेलांटी पुढे सात कागदांत उतरते.

नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथे, आईवडील राहतात तिथे नाही. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत असल्यामुळे असंख्य पुणे-मुंबईकर मुलांच्या नोंदी कराड, उदगीर, चाळीसगाव अशा ठिकाणी असतात. दाखल्यावर निबंधकाचे नाव व शिक्का कुठला आहे ते पाहा. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसेवक (हे पद आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणून ओळखले जाते), शहर असेल तर नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग. नाव घालायचे किंवा चूक सुधारायची तर तिथेच जावे लागेल. पुण्याच्या महापालिकेला साताऱ्याच्या नोंदीला हात लावता येत नाही. तुमच्या बाबतीत ही फेरी माहेरच्या गावी जाणार तेव्हाच उरकून घ्या, फक्त त्या कार्यालयाचे वार आधी विचारा. लहान गावांत एकाच अधिकाऱ्याकडे दोन गावांचा कार्यभार असतो.

ज्यांच्या घरी बाळ यायचे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते. दवाखान्यात जन्म झाला असेल तर ती देण्याची जबाबदारी दवाखान्याची आहे. नमुना क्रमांक 1 मधला जन्म-अहवाल तिथला कर्मचारी केसपेपरवरून भरतो, आणि केसपेपरवर आईचे नाव असते ते रात्री दोन वाजता घाईत कोणीतरी सांगितलेले : ‘सौ. ताई देशमुख’. डिस्चार्जच्या आधी तो अहवाल मागून वाचा. बारसे बाराव्या दिवशी केले, तर 21 दिवसांच्या मुदतीत नावही बसते, आणि मग वेगळी फेरी लागत नाही. आईवडिलांच्या आधारच्या प्रती दवाखान्यात आधीच देऊन ठेवल्या तर निम्म्या चुका होतच नाहीत.

सगळ्यात जास्त चुका खुद्द आईच्या नावातच होतात. बापाचे नाव जन्मापासून एकच असते. आईचे मात्र शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, आणि लग्नात तांदळावर लिहिलेले तिसरे. जन्मनोंदीत कोणते द्यायचे? तिच्या आधारवर आज जे आहे ते. ते माहेरचे असेल तर माहेरचे द्या. लग्नानंतर नाव बदललेलेच हवे असा कुठलाही नियम नाही, आणि निबंधकाने तसा आग्रह धरला तर तो मान्य करू नका. मुलीच्या नावात आईचे फक्त पहिले नाव जाते, तेव्हा माहेर-सासर आडनावाचा वाद मुलीच्या नावापर्यंत येतच नाही. पण लग्नात मूळ नावच बदलले असेल, म्हणजे वैशालीची वैष्णवी झाली असेल आणि आधार वैशालीच्या नावे असेल, तर आधी घरात एक नाव पक्के करा. आईचे कागद दुरुस्त करायचे असतील तर ते आधी, मुलीचे नंतर. उलट क्रमाने केले की मुलीच्या नावातली ‘वैष्णवी’ कोण, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते.

दुसरी चूक इंग्रजी स्पेलिंगची. महाराष्ट्रात दाखला मराठी व इंग्रजी दोन्हींत निघतो. मराठीत ‘वासंती’ एकच, इंग्रजीत तिचे ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, शेवटी ‘टी’नंतर ‘एच’ आहे की नाही, ‘आय’ की डबल ‘ई’, अशा आठ तऱ्हा होतात. अर्जात इंग्रजी नाव मोठ्या सुट्या अक्षरांत लिहा, आईच्या आधारवरून अक्षर न् अक्षर उतरवून. आणि दाखला हाती पडताच खिडकीवरच वाचा. घरी नेऊन सहा महिन्यांनी लक्षात आलेली चूक सुधारायला वेगळा अर्ज लागतो.

आता तुमच्या कोऱ्या रकान्याविषयी. जन्मनोंदीनंतर 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर नोंदणीपासून 15 वर्षांपर्यंत थोडे विलंबशुल्क भरून. म्हणजे तुमचे काहीही हुकलेले नाही. दोघा पालकांच्या सहीचा अर्ज, मूळ दाखला, दोघांची आधारपत्रे आणि 14 मार्च 2024 च्या शासन निर्णयाची छापील प्रत एवढे घेऊन जा. अर्जात वाक्य असे असू द्या : ‘नोंद क्रमांक अमुक, जन्मदिनांक अमुक या नोंदीत बालिकेचे पूर्ण नाव अन्वी वैशाली चंद्रशेखर देशमुख असे मराठीत व इंग्रजीत नोंदवावे.’ दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. एकदा भरलेले नाव पुन्हा बदलणे अवघड असते, म्हणून आजीला आवडलेले आणि आत्याने ठेवलेले यांतला निर्णय घरातच करून जा.

बऱ्याच जणांचा रकाना कोरा नसतो. मूल मे 2024 नंतरचे, पण दवाखान्याने जुन्या सवयीने ‘अन्वी चंद्रशेखर देशमुख’ पाठवून दिले, असे झालेले असते. कायद्याच्या कलम 15 खाली निबंधकाला चुकीची नोंद सुधारता येते, मूळ नोंद न खोडता समासात शेरा मारून. लिहिण्यातली चूक असेल तर काम सोपे. आईचे नाव सुटले ही लेखनचूक की नावबदल, यावर मात्र निबंधकागणिक मत वेगळे पडते. अर्जात ‘नाव बदलून मिळावे’ असा शब्द वापरलात तर हमखास नकार येतो. ‘जन्मदिनांक 1 मे 2024 नंतरचा असल्याने शासन निर्णयानुसार पूर्ण नाव नोंदवायचे होते, ते अपूर्ण नोंदले गेले, ते दुरुस्त करावे’ असे लिहा, कारण झालेले तसेच आहे. माहिती असलेल्या दोन व्यक्तींचे निवेदन मागितले तर द्या, नियमांत त्याची तरतूद आहे. तोंडी नकार स्वीकारू नका. 2023 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 25 अ आले आहे : निबंधकाच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते आणि त्यावर 90 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ग्रामीण भागात जिल्हा निबंधक म्हणजे जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. बहुतेक वेळा अपिलाची वेळ येत नाही. लेखी नकार मागितला की फाइल हलते.

नाव नोंदले गेले की पुढचा कागद आधार. पाच वर्षांखालील मुलांचे बाल आधार जन्मदाखला आणि एका पालकाच्या आधारवर होते. आधारमध्ये नाव एकाच रकान्यात सलग येते, त्यामुळे चार शब्दांची अडचण नाही. जपायचे ते वेगळे : आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. जन्मदाखल्यात चार शब्दांचे नाव चढायच्या आधी घाईने तीन शब्दांचे आधार काढले, की ते सुधारण्यातच पहिली संधी खर्च होते. पाचव्या वर्षानंतर आणि पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे अद्ययावत करायला जावेच लागते, तेव्हा नावाचे स्पेलिंग पुन्हा एकदा ताडून पाहा.

शाळेत नाव जनरल रजिस्टरला चढते. प्रवेशअर्जात नाव, मधले नाव, आडनाव असे तीन रकाने असतील, तर मधल्या नावात ‘वैशाली चंद्रशेखर’ लिहा, मधे एक जागा सोडून. जोडरेघ, टिंब, स्वल्पविराम काही नको. पण रकान्याचे शीर्षकच ‘वडिलांचे नाव’ असे असेल आणि संगणक तीन रकाने जोडून पूर्ण नाव बनवत असेल, तर मुलगी पुन्हा ‘अन्वी चंद्रशेखर देशमुख’ होते. शाळेच्या पोर्टलवर नाव आधारप्रमाणे नसले की आधार पडताळणीत विद्यार्थी ‘मिसमॅच’ दिसतो, आणि संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे, आधार जुळलेल्या पटावर अवलंबून असल्यामुळे मुख्याध्यापक तुमच्या मागे लागतात. ते ‘आधारच बदलून आणा, सोपे पडेल’ असे सुचवतील. ऐकू नका. जन्मदाखला, आधार हे दोन जुळत असतील तर चूक शाळेच्या नोंदीत आहे आणि ती शाळेनेच सुधारायची. पहिलीतच हे झाले तर एका अर्जाचे काम. वरच्या वर्गात गेल्यावर जनरल रजिस्टरमधला बदल शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने करावा लागतो, आणि दहावीचा परीक्षाअर्ज गेल्यावर मंडळाची गुणपत्रिका दुरुस्त करायची म्हणजे विभागीय मंडळाच्या पायऱ्या.

पासपोर्टबद्दलची भीती मात्र उगाच मोठी केली जाते. तिथे दोनच रकाने आहेत : दिलेले नाव आणि आडनाव. ‘अन्वी वैशाली चंद्रशेखर’ पहिल्यात, ‘देशमुख’ दुसऱ्यात. आजवर आपण ‘अन्वी चंद्रशेखर’ असे लिहीतच होतो, त्यात एक शब्द वाढला. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत नावाला 39 जागा मिळतात, मधली चिन्हे धरून. इंग्रजी अक्षरे मोजली तर देशमुख 8, दोन चिन्हे, अन्वी 4, एक चिन्ह, वैशाली 8, एक चिन्ह, चंद्रशेखर 14, एकूण 38. बसले. अन्वीऐवजी अनुष्का असती तर 41 झाले असते आणि शेवटची दोन अक्षरे त्या ओळीत कापली गेली असती. कापली गेली तरी बिघडत नाही. लांब नावे त्या ओळीत तोडूनच छापतात. विमानतिकीट काढताना मात्र पासपोर्टवर छापले आहे तसेच नाव टाका, मधला एखादा शब्द गाळू नका. अल्पवयीनाच्या पासपोर्टला दोघा पालकांचे संमतीपत्र परिशिष्ट ‘ड’ मध्ये लागते. एकाची संमती मिळत नसेल तर दुसऱ्याने परिशिष्ट ‘क’ मध्ये कारण द्यायचे. दोन्ही साध्या कागदावर चालतात, नोटरीची गरज नाही.

पॅनमध्ये तीन रकाने, मधल्यात दोन्ही नावे. आई एकटी पालक असेल तर 5 डिसेंबर 2018 पासून वडिलांचे नाव देणे बंधनकारक नाही, आणि कार्डावर आईचे नाव छापून घेता येते.

जातीच्या दाखल्याचे तुम्ही विचारले आहे. नावात आईचे नाव आल्याने त्यात काहीच बदलत नाही, ना फायदा ना तोटा. उपविभागीय अधिकारी पुरावा मागतात तो वडिलांकडच्या नात्याचा : अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. आजोबांच्या शाळेच्या नोंदीशी वंशावळ जोडताना मुलीच्या नावात वडिलांचे नाव आहेच, त्यामुळे साखळी तुटत नाही. जात पडताळणी समितीपुढे ‘नाव वेगळे दिसते’ असा आक्षेप आला तर जन्मदाखला आणि शासन निर्णय दाखवायचा. आंतरजातीय विवाहातल्या मुलांना आईची जात मिळू शकते का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात दिले : सामान्यतः वडिलांची जात गृहीत धरली जाते, पण मूल आईच्या समाजात वाढले आणि तिथले मागासपण त्याच्या वाट्याला आले हे पुराव्याने सिद्ध करता येते. तो पुरावा म्हणजे नावातला एक शब्द नव्हे, संगोपनाचा सगळा इतिहास.

पालकत्वाचेही तसेच. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीनत्व) व पालकत्व कायद्यातले कलम 6 अजून ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असेच वाचते. एका लेखिकेने मुलाच्या नावे रोखे घेताना पालक म्हणून स्वतः सही केली, रिझर्व्ह बँकेने ती पुरेशी मानली नाही, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1999 मध्ये न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे मृत्यूनंतर नव्हे, वडील प्रत्यक्षात पालकाचे काम करत नसतील तेव्हाही, असा अर्थ लावला. गीता हरिहरन प्रकरण ते हेच. बँकेत आज ‘वडिलांना घेऊन या’ असे कोणी म्हटले, तर रिझर्व्ह बँकेचे एप्रिल 2025 चे परिपत्रक दाखवा. अल्पवयीनाचे खाते आईला पालक म्हणून उघडता येते असे त्यात स्पष्ट आहे.

सातबाऱ्यावर तर आईचे नाव या निर्णयाच्या कितीतरी आधीपासून येते, फक्त वाईट प्रसंगी. वडील गेल्यावर वारसनोंदीत अज्ञान मुलांची नावे चढतात आणि पुढे ‘अ.पा.क. आई वैशाली’ असा शेरा येतो, अज्ञान पालनकर्ता या अर्थाने. त्या शेऱ्याने आई जमिनीची मालक होत नाही. ती विधवा म्हणून स्वतंत्र वारस असते आणि तिचे नाव वेगळ्या ओळीत चढले पाहिजे. फेरफाराच्या वेळी हे तपासा, कारण कधीकधी फक्त शेऱ्यातच तिची बोळवण होते. मुलाच्या हिश्श्याची जमीन विकायची तर 1956 च्याच पालकत्व कायद्याच्या कलम 8 प्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते.

एकट्या आईच्या बाबतीत वेगळे नियम लक्षात ठेवावे लागतात. अविवाहित आईला वडिलांचे नाव उघड न करता एकटीला पालक म्हणून मान्यता मिळू शकते आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 6 जुलै 2015 रोजी सांगितले. 2023 च्या दुरुस्तीने जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 8 मध्ये एकल पालक व अविवाहित मातेला खबर देणारी व्यक्ती म्हणून स्वतंत्र जागाही दिली. तेव्हा मुलाचे नाव, आईचे नाव, तिचे आडनाव असे तीन शब्दांत पूर्ण होते. निबंधकाने वडिलांचा रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे जात नाही असे सांगितले, तर ते लेखी मागा. घटस्फोट झाला असेल तर गोष्ट निराळी : जन्मनोंदीतले वडिलांचे नाव घटस्फोटाने पुसले जात नाही. 2022 मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वडिलांच्या मृत्यूनंतर पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाचे आडनाव ठरवण्याचा हक्क मान्य केला, पण तिथे वडील हयात नव्हते. हयात असतील आणि हरकत घेतील, तर कुटुंब न्यायालयाच्या हुकुमाशिवाय शाळा किंवा निबंधक यांच्याकडे हेलपाटे घालून उपयोग नाही.

राहिला मोठा मुलगा. तो 1 मे 2024 च्या आधीचा, म्हणजे निर्णय त्याला लागू नाही. आईचे नाव घालायचेच तर राजपत्राचा मार्ग : शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर पालकाने अर्ज करायचा, जुने नाव, नवे नाव, कारण, ओळख व पत्त्याचे पुरावे, फोटो, शुल्क. प्रसिद्ध झालेल्या राजपत्राची प्रत उतरवून घ्यायची आणि ती घेऊन आधी आधार, मग शाळा, मग बँक व पासपोर्ट. राजपत्रात नाव छापून आले म्हणजे बाकीचे कागद आपोआप बदलत नाहीत, आणि त्याच्या जन्मनोंदीत तर बहुधा जुनेच नाव राहते. मग प्रत्येक ठिकाणी दाखल्याला राजपत्र टाचून द्यावे लागते, जन्मभर.

भावाचे नाव तीन शब्दांचे आणि बहिणीचे चार, याने कुठेही अडत नाही. रेशनकार्ड असो की व्हिसा, भावंडे असल्याचे ताडून पाहतात ते आईवडिलांच्या रकान्यांवरून. तरी मुलाच्या नावातही हवेच असेल तर दहावीच्या बरेच आधी, सहावी-सातवीपर्यंत करा, म्हणजे मंडळाची पहिली गुणपत्रिकाच नव्या नावाने निघेल. पदवी, नोकरी, कर्ज सगळे जुन्या नावाने झालेल्या मोठ्या माणसांनी कागदोपत्री बदल करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लेखनात, सहीत, पत्रिकेत, दारावरच्या पाटीवर आईचे नाव लावायला राजपत्र लागत नाही.

बाळंतपण बेळगाव, पणजी, बडोदा किंवा इंदूरला झाले असेल, तर महाराष्ट्राचा शासन निर्णय तिथल्या निबंधकाला बांधत नाही. पण पहिल्यांदा नाव घालताना पालकांनी चार शब्दांचे नाव लिहून दिले तर ते नाकारायलाही कारण नाही, फक्त मागायचे ते ‘नियम म्हणून’ नव्हे, ‘आमची पसंती म्हणून’. गोव्यात नंतर बदलण्याच्या भरवशावर राहू नका. तिथे नावबदलाला 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. परदेशात जन्मलेल्या, भारतीय नागरिकत्व हव्या असलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत करायची असते, आणि वकिलात नाव उचलते ते त्या देशाच्या जन्मदाखल्यावरून. म्हणून दुबई असो की न्यू जर्सी, आईचे नाव तिथल्या दवाखान्याच्या फॉर्मवरच मधल्या नावात लिहा.